लो-कार्ब, पाकिटामागचं बारीक लेबल आणि तेलाच्या बाटल्या: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने कार्ब, म्हणजे कर्बोदकं, कमी केले. दिवसाला ३० ग्रॅमच्या आत. साखर खाली आली, पण तीन नव्या तक्रारी मागे लागल्या. दुपारनंतर पोट ढोलासारखं फुगतं, आठवड्यातून चार-पाचदा डोकं दुखतं आणि कधीतरी जेवताजेवता चेहरा लाल होऊन छाती आवळल्यासारखी वाटते. भात-पोळीवर जगत होते तेव्हा यातलं काहीच नव्हतं.

आज कपाटातली पाकिटं टेबलावर मांडली तेव्हा कारणाचा थोडा अंदाज आला. पूर्वी घरात पाकीटबंद वस्तू पाच-सहा असायच्या, आता तेवीस आहेत. लो-कार्ब ब्रेड, बिनसाखरेचं चॉकलेट, बाटलीतलं मेयोनेझ, बाटलीतलाच लिंबाचा रस, क्रीम, सूपच्या वड्या, मांसाचे तयार काप. साखर आणि पीठ काढून घेतलं की पदार्थाला अंग, गोडी आणि चिकटपणा द्यायला दुसरं काहीतरी घालावंच लागतं. ते सगळं लेबलवरच्या मुंगीएवढ्या अक्षरांत असतं.

काम दोन भागांत करायचं ठरवलं. आधी कुठला घटक सोसत नाही ते शोधायचं, मग स्वयंपाकासाठी दोन तेलं कायमची ठरवायची. जे हेच करू पाहत असतील त्यांच्यासाठी ही वही. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर कार्ब कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोलाच, गोळीचा डोस बदलावा लागतो.

६ जानेवारी

लेबलं उतरवायला दीड संध्याकाळ गेली. हाताने लिहीत बसू नका. फोनने फोटो काढा, मोठा करा आणि वाचा. अशा घटकांना ठरलेले क्रमांक असतात. कुठे ई ४१५ लिहिलेलं असतं, कुठे आयएनएस ४१५, तर कुठे नुसतं झँथन गम (पदार्थ दाट करणारी पूड). वस्तू एकच. हे कळेपर्यंत मी एकाच घटकाच्या तीन ओळी केल्या होत्या.

यादीत एकूण ४१ वेगवेगळे पदार्थ निघाले. सगळ्यात जास्त वेळा आलेले: झँथन गम (४१५), सायट्रिक आम्ल (३३०), लेसिथिन (३२२), सुक्रालोज (९५५).

७ जानेवारी

उत्साहाच्या भरात सगळी पाकिटं काढून टाकली. शिवाय बियांच्या तेलांबद्दल बरंच भलंबुरं ऐकलं होतं, म्हणून सूर्यफुलाचं तेलही हद्दपार केलं आणि न शुद्ध केलेल्या खोबरेल तेलाचा मोठा डबा आणला. जोडीला लोणी. आधीच्या तेलाच्या चौपट खर्च झाला.

हे करू नका. का, ते पुढे येतंच आहे.

१० जानेवारी

तीन दिवस डोकं भयंकर दुखतंय. उभं राहिलं की गरगरतं, पायात गोळे येतात. शरीरातलं विष बाहेर पडतंय, अशी स्वतःची समजूत घालून बसले होते.

संध्याकाळी धाकटा भाऊ आला. माझा चेहरा बघून म्हणाला, "ताई, तू मीठ खातेस की नाही?"

हिशोब मांडला. कार्ब कमी केले की इन्शुलिन उतरतं आणि मूत्रपिंडं सोडियम धरून ठेवत नाहीत. म्हणजे मीठ आधीच जास्त लागतं. माझं मीठ येत होतं सूपच्या वड्या, चीजचे तयार काप आणि मेयोनेझमधून. ते सगळं मी एका दिवसात बंद केलं, आणि घरी शिजवलेल्यात सवयीने मीठ कमीच. कोंबडीच्या हाडांचा घरचा रस्सा मीठ घालून प्यायले, दोन तासांत डोकं उतरलं.

ज्यांना रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी हा उपाय माझं बघून करू नये.

तीन दिवस वाया. आणि त्याहून वाईट म्हणजे, डोकेदुखीचा जो काही पुरावा माझ्याजवळ होता त्याच्यात आता मीठ कालवलं गेलं.

१४ जानेवारी

नव्याने सुरुवात. भावाने अट घातली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तेल या भागात बदलायचं नाही. खोबरेलचा डबा आणलाच आहे तर तोच चालू दे.

तीन आठवडे खायचं ते ठरलं: अंडी, ताजी कोंबडी, ताजे मासे, पालक, कोबी, फ्लॉवर, काकडी, लोणी, खोबरेल तेल, किसलेलं जुनं चीज, मीठ, मिरी, ताजं लिंबू. पाकिटातलं काही नाही. चीजच्या वेष्टनावर फक्त दूध, मीठ, विरजण एवढंच लिहिलेलं आहे.

वहीत रकाने पाच. काय खाल्लं, किती वाजता, काय झालं, किती वाजता, आणि झोप किती तास. दोन दिवसांनी सहावा रकाना घातला, पाळीची तारीख. डोकेदुखी शोधणाऱ्या कुठल्याही बाईने हा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवावा. माझ्या डिसेंबरमधल्या डोकेदुख्यांपैकी निदान तीन तरी त्यातच बसत होत्या.

१७ जानेवारी

खोबरेलवर मासा परतायला गेले, स्वयंपाकघर धुराने भरलं. न शुद्ध केलेलं खोबरेल साधारण १७५ अंशांना धुरायला लागतं. मासा खाण्यालायक उरला नाही. तेलाचं पुढे बघू, आत्ता आच मंद.

२ फेब्रुवारी

एकोणीस दिवस झाले. पोट सहाव्या दिवशी शांत झालं ते अजून शांतच आहे. डोकेदुखी एकदाच, तीही सहाव्या रकान्यातली. चेहरा लाल होणं, छाती आवळणं एकदाही नाही.

कंटाळा मात्र अपार. फ्लॉवरकडे बघवत नाही.

४ फेब्रुवारी

आता एकेक घटक परत आणायचा, पण मला न कळता. ही भावाची कल्पना, आणि या सगळ्या उद्योगातली सगळ्यात कामाची. तो झाकणाच्या अपारदर्शक मगात पदार्थ मिसळून देणार, कधी घटक घालून, कधी न घालता. कशात काय होतं ते त्याच्या कागदावर. मी फक्त लक्षणं लिहायची. दोन चाचण्यांमध्ये तीन दिवसांचं अंतर, कारण पोटाच्या तक्रारी दुसऱ्या दिवशीही येऊ शकतात.

घरात शुद्ध रूपात आणता येईल तेच तपासायचं: चव वाढवणारं मोनोसोडियम ग्लुटामेट (६२१), झँथन गम, आणि साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते माल्टिटॉल आणि एरिथ्रिटॉल. कॅरागीनन (४०७) या दाट करणाऱ्या घटकासाठी दोन क्रीम आणल्या, एक कॅरागीनन असलेली, एक नसलेली. सोडियम बेंझोएट (२११) किंवा रंग पूड स्वरूपात आणून घरी मापत बसण्याचा वेडेपणा केला नाही.

५ ते १८ फेब्रुवारी: ग्लुटामेट

माझी पैज होती ६२१ वर. सूपच्या वडीतला तोच घटक डोकं दुखवतो याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

हाडांच्या रश्शात १ ग्रॅम घालून किंवा न घालता, पाच वेळा. पहिल्या वेळी काही नाही. दुसऱ्या वेळी तासाभरात कपाळ ठणकायला लागलं, मी वहीत लाल शाईने 'सापडलं' असं लिहिलं. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या वेळी काही नाही.

कागद उघडला. ग्लुटामेट पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मगात होतं. दुसऱ्यात नुसता रस्सा.

भाऊ हसला नाही, हे त्याचे उपकार. ही बदनामी जुनी आहे. १९६८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या एका पत्रापासून तिची सुरुवात झाली, आणि नंतर मला न कळता दिलेल्या माझ्या मगांसारख्याच चाचण्या मोठ्या प्रमाणावर झाल्या, त्यांत तिला सातत्याने आधार मिळाला नाही. ग्लुटामेट चव म्हणून ओळखलं गेलं ते १९०८ मध्ये, जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या रश्शातून ते वेगळं केलं तेव्हा. आणि मी तीन आठवडे रोज जे जुनं चीज किसून खात होते, त्यात ते नैसर्गिकरीत्या भरभरून असतं. हे आधी डोक्यात आलं असतं तर चौदा दिवस वाचले असते.

कुणाला खरंच त्रास होत नसेल असं मी म्हणत नाही. मला होत नाही, एवढंच पाच मगांनी सांगितलं.

२० फेब्रुवारी

कॅरागीननची क्रीम आणि बिनकॅरागीननची क्रीम: काही फरक नाही. एकेकदाच केलं. पुन्हा करायचा धीर नव्हता.

२३ फेब्रुवारी ते १ मार्च: झँथन

पाव चमचा झँथन: काही नाही. पुन्हा पाव चमचा: काही नाही. मग भाऊ म्हणाला, "तू ब्रेड किती खायचीस?" अर्धी लादी. घरी करायची त्या लो-कार्ब ब्रेडच्या कृतीत एका लादीला १० ग्रॅम झँथन होतं. म्हणजे एका बैठकीत ५ ग्रॅम.

५ ग्रॅम दिल्यावर चार तासांत पोट फुगलं. न कळता दिलेलं असूनही लगेच ओळखता आलं, कारण रस्सा घशाखाली उतरताना लापशीसारखा लागत होता. ही चाचणी आंधळी म्हणता येत नाही. पण वहीत प्रमाणाचा रकाना नव्हता ही चूक मात्र पक्की कळली. सॉस दाट करायला चिमूटभर झँथन मला सोसतं, अर्धी लादी सोसत नाही. 'झँथन सोसत नाही' असं लिहून मोकळी झाले असते तर निम्म्या वस्तू फुकट सोडाव्या लागल्या असत्या.

४ मार्च: माल्टिटॉल

कडू कोकोत १५ ग्रॅम. साधारण तेवढंच त्या बिनसाखरेच्या चॉकलेटच्या एका वडीत असायचं.

तीन तासांनी पोटात ढग गडगडले आणि पुढची दीड तास मी कुठे होते ते लिहायची गरज नाही. हे संवेदनशीलता वगैरे नाही, ही त्या पदार्थाची जातच आहे. तो लहान आतड्यात पुरता शोषला जात नाही, मोठ्या आतड्यात जातो, तिथे पाणी ओढून घेतो आणि जंतू त्याला आंबवतात. पाकिटावर 'अति सेवनाने जुलाब होऊ शकतात' असं लिहिलेलंही होतं. मी ते वाचून 'अति' म्हणजे दुसऱ्यांसाठी असं समजले होते.

दुसरी गोष्ट जास्त बोचली. ग्लुकोमीटर हाताशी होता म्हणून मोजलं: आधी ९४, तासाने १३१. माल्टिटॉलचा ग्लायसेमिक इंडेक्स (पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो त्याचा आकडा) ३५ च्या आसपास आहे, साखरेपेक्षा कमी, पण शून्य नव्हे. पाकिटावर मात्र सगळे पॉलिओल (माल्टिटॉलच्या जातीचे गोड पदार्थ) एकूण कार्बमधून वजा करून 'नेट कार्ब २ ग्रॅम' असं ठसठशीत छापलेलं. दोन महिने मी या वजाबाकीवर विसंबून रोज एक वडी खात होते. आता माल्टिटॉल अर्धं धरते, म्हणजे १५ ग्रॅम असेल तर ७-८ ग्रॅम कार्ब.

८ मार्च

एरिथ्रिटॉल १५ ग्रॅम. पोट ठीक, साखर जागची हलली नाही. त्याचा बहुतेक भाग लहान आतड्यातच शोषला जातो आणि लघवीवाटे तसाच बाहेर पडतो, म्हणून मोठ्या आतड्यात गोंधळ नाही. तोंडात थंड लागतं, त्यामुळे ही चाचणीही मी ओळखली.

रोजच्या वापरात ते तरी घेणार नाही. २०२३ मध्ये नेचर मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात रक्तातलं जास्त एरिथ्रिटॉल आणि हृदयविकाराचे झटके यांचा संबंध दिसला होता. संबंध दिसणं म्हणजे कारण सिद्ध होणं नव्हे, पण मला गोडाची एवढीही ओढ नाही.

१० मार्च

मांसाचे दोन तऱ्हेचे तयार काप आणले. एकावर सोडियम नायट्राइट (२५०), दुसऱ्यावर मोठ्या अक्षरांत 'नायट्राइट घातलेलं नाही'. दुसऱ्याच्या घटकांत सेलरीची पूड. सेलरीत नायट्रेट भरपूर असतं, जंतूंकडून त्याचं नायट्राइट करून घेतात आणि तेच मांसात घालतात. रेणू तोच. महाग मात्र दुसरं. दोन्ही परत कपाटात न ठेवता सोडून दिले, चाचणी केली नाही.

१२ मार्च

या नोंदीसाठी बाकीची वही वाचली नाही तरी चालेल.

गोठवलेली कोळंबी आणली. पाकिटावर पुढे नुसतं 'कोळंबी', म्हणून मागे बघितलंच नाही. लोण्यावर परतली, बाटलीतला लिंबाचा रस राहिला होता तो वर पिळला. वीस मिनिटांत चेहरा आणि मान लाल, छाती आवळली, श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज. भावाने गाडी काढली. दवाखान्यात पोचेपर्यंत उतरत आलं होतं, तरी त्यांनी वाफ दिली आणि तासभर बसवून ठेवलं.

घरी येऊन पाकीट उलटं केलं: सोडियम मेटाबायसल्फाइट (२२३). कोळंबीवर काळे डाग पडू नयेत म्हणून घालतात. लिंबाच्या बाटलीवरही २२३. त्यात आंबट पदार्थाशी गाठ पडली की सल्फाइटमधून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो आणि श्वासनलिकांना झोंबतो. माझी ती फोडणी म्हणजे प्रयोगशाळाच झाली.

मग डिसेंबरची टिपणं काढली. छाती आवळल्याच्या चार नोंदी होत्या. चारही वेळा ताटात बाटलीतलं मेयोनेझ होतं. तेव्हा मी समासात लिहिलं होतं, 'सूर्यफूल तेल?' त्या मेयोनेझच्या लेबलचा फोटो उघडला. सूर्यफूल तेल ७० टक्के, अंडी, पाणी, लिंबाचा रस, आणि कंसात त्या रसातला २२३. सत्तर टक्के असलेल्यावर संशय घेतला, गुन्हेगार एक टक्क्यातला.

१४ मार्च

डॉक्टरांनी सांगितलेलं, जसं आठवतं तसं:

सल्फाइट घरी मगात घालून तपासायचं नाही. श्वासाचा प्रश्न जिथे आहे तिथे चाचणी रुग्णालयातच, त्यांच्या देखरेखीखाली. लहानपणी मला दमा होता, ते मी त्यांना आजवर सांगितलंच नव्हतं. दमेकऱ्यांमध्ये सल्फाइटचा त्रास इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो. त्वचेवरची नेहमीची ॲलर्जीची चाचणी यात बहुधा काही दाखवत नाही, कारण हा बऱ्याचदा त्या जातीचा प्रतिसादच नसतो.

लेबलवर शोधायचे आकडे २२० ते २२८. किलोला १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर बऱ्याच देशांत छापणं बंधनकारक आहे, त्याखाली असेल तर लेबल गप्प राहू शकतं. सुकवलेली फळं, वाइन, काही व्हिनेगर, बाटलीतले आंबट रस, कोळंबी. लो-कार्ब म्हणून सुकी वाइन चालते असं जे सांगतात त्यांना हे माहीत असावं.

आणि नावांची गल्लत करू नये. सल्फाइट वेगळं, सल्फेट वेगळं, सल्फाची औषधं वेगळी. एकाचा त्रास म्हणजे दुसऱ्याचा नव्हे. इन्हेलर दिला आहे, पर्समध्ये ठेवते.

१६ मार्च

रक्ताचा तपास आला. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, नोव्हेंबरमध्ये ११२, आता १६४.

खोबरेल आणि लोणी, दहा आठवडे, सढळ हाताने. खोबरेलमधली जवळजवळ ९० टक्के मेदाम्लं संतृप्त, म्हणजे एलडीएल वाढवू शकणारी, आहेत, लोण्यातलीही निम्म्याहून जास्त. त्यात फेब्रुवारीत कॉफीत एमसीटी तेल (खोबरेलपासून वेगळं काढलेलं, लवकर पचणारं तेल) घालायचं खूळ होतं. (त्याचीही नोंद राहिली: पहिल्याच दिवशी दोन मोठे चमचे घातले आणि पोटात कळा आल्या. लहान चमच्यापासून सुरू करतात. त्या दिवशीची चाचणी बाद धरावी लागली.) सगळ्यांचाच एलडीएल असा वर जातो असं नाही, पण माझा गेला.

तर आता तेल.

१९ मार्च

धुराचे अंश हाच तेलाचा एकमेव निकष, असं मी मानून चालले होते. भावाचा दुरून तापमान मोजणारा थर्मामीटर मागून आणला आणि चार दिवस नेहमीचा स्वयंपाक मोजला. अंडी १३० ते १५०. भाज्या परतताना १६० ते १८०. मासा किंवा कोंबडी वरून खरपूस करताना २१० ते २२०, तेही आठवड्यातून दोनदा. तळण नाहीच, कारण पिठाचं आवरण नाही.

मग त्याच तव्यात तेलं. न शुद्ध केलेलं खोबरेल १७० च्या पुढे धुरायला लागलं. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह १९५ ला. रिफाइंड अव्होकाडो २४० पर्यंत नेलं, शांत. पुढे नेलं नाही, तव्याची दया आली.

म्हणजे माझ्या आठवड्यातल्या नव्वद टक्के स्वयंपाकाला एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह पुरतं. धूर येण्याआधीही तेल बिघडतं आणि ते किती बिघडेल हे त्यातल्या बहुअसंतृप्त मेदाम्लांवर बरंच अवलंबून असतं, धुराच्या अंशावर तितकं नाही. ऑलिव्हमध्ये ती साधारण १० टक्के, साध्या सूर्यफुलात ६० च्या वर.

२२ मार्च

तेलाच्या लेबलवर काय बघायचं याची माझी चिठ्ठी: टीबीएचक्यू (३१९), बीएचए (३२०), बीएचटी (३२१) हे खवटपणा रोखणारे, आणि ९०० हा फेस मारणारा. पहिल्या तिघांचं प्रमाण किलोमागे मिलिग्रॅमांत मोजतात, टीबीएचक्यूची मर्यादा बहुतेक ठिकाणी २०० आहे. मला त्यांचा त्रास होतो असा काही पुरावा नाही. पण बिनघटकांचं तेल शेजारीच मिळत असेल तर तेच घेते, वहीतला एक प्रश्न कमी.

'कोल्ड प्रेस्ड', 'नैसर्गिक', 'कीटो' हे शब्द वाचायचे नाहीत. तेल शुद्ध केलेलं आहे की नाही आणि भरल्याची तारीख काय, एवढं बघायचं.

२५ मार्च ते २ एप्रिल: मेयोनेझ

बाटलीतलं बंद झालं, पण लो-कार्बवर मेयोनेझशिवाय काकडी-कोबी किती दिवस खाणार? घरी करायचं ठरलं. ताजं लिंबू, अंडं, मीठ, तेल, हातमिक्सर.

पहिला घाणा एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्हचा. कडू जहर. जोरात घुसळलं की त्यातली कडवट द्रव्यं उठून येतात. अख्खी वाटी टाकली.

दुसरा खोबरेलचा. चव छान. रात्री फ्रीजमध्ये ठेवला, सकाळी चमचा उभा राहिला. खोबरेल २४ अंशांखाली थिजतं हे मला माहीत होतं, मेयोनेझलाही ते लागू आहे हे सुचलं नव्हतं.

तिसरा रिफाइंड अव्होकाडोचा. उत्तम, पण एका वाटीला लागतं तेवढं तेल म्हणजे आठवड्याच्या भाजीचा खर्च.

चौथा हाय ओलिइक सूर्यफुलाचा. हे नाव नवीन असेल त्यांच्यासाठी: सूर्यफुलाचाच वाण, पण तेलातलं ओलिइक आम्ल ७५ टक्क्यांच्या वर, म्हणजे स्वभावाने ऑलिव्हच्या जवळ. चव तटस्थ, फ्रीजमध्ये मऊ राहतं, अव्होकाडोच्या तिसऱ्या हिश्श्यात पडतं.

३ ते १२ एप्रिल

जुना हिशोब चुकता करायचा होता. साधं सूर्यफूल तेल, ज्याला मी जानेवारीत घराबाहेर काढलं, ते खरंच काही करतं का? भावाने दोन वाट्या मेयोनेझ केलं, एक साध्या सूर्यफुलाचं, एक हाय ओलिइकचं, दोन्हींत ताजं लिंबू. सहा दिवस आळीपाळीने, कधी कुठलं ते त्यालाच ठाऊक.

सहाही दिवस वहीत 'काही नाही'. चवीतही ओळखता आलं नाही.

साधं तेल तरीही परत आणलं नाही, पण आता कारण वेगळं आहे. तव्यावर तापवायला हाय ओलिइक जास्त टिकाऊ. लक्षणांचा संबंध नाही.

२० एप्रिल

स्वस्त पडतं म्हणून ऑलिव्हचा पाच लिटरचा डबा आणला होता. महिन्याभरातच वरच्या थराला जुन्या रंगपेटीसारखा वास. खवट. उघडलेला डबा शेगडीशेजारी, रोज ऊब, रोज हवा. उरलेलं साडेतीन लिटर गेलं. आता अर्ध्या लिटरची गडद काचेची बाटली, अंधाऱ्या कप्प्यात, झाकण घट्ट. जवसाचं तेल तर लहानात लहान बाटलीत आणि फ्रीजमध्येच, तापवायचं नाही.

१६ मे

एलडीएल १२७. नोव्हेंबरएवढा नाही, पण डॉक्टर म्हणाले चालू ठेवा. बदल फक्त तेलाचा केला होता, कार्ब तेवढेच. लोणी अंड्यांपुरतं, खोबरेल महिन्यातून एखाद्या वेळी चवीसाठी.

कप्प्यात दोन बाटल्या: एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह रोजच्यासाठी, हाय ओलिइक सूर्यफूल मेयोनेझ आणि मोठ्या आचेसाठी. पाकिटं तेवीसवरून सात.

वेळेचा हिशोब: एकोणीस आठवडे. त्यातले मिठापायी तीन दिवस, ग्लुटामेटच्या हट्टापायी चौदा, एमसीटीमुळे बाद झालेली एक चाचणी पुन्हा करायला चार. पैशांत सगळ्यात मोठं नुकसान पाच लिटरचा डबा, मग खोबरेलचा.

राहिलेलं काम एक. जुनं चीज मी सुरुवातीपासून खात आले, ते कधी बंद करून बघितलंच नाही. त्यात हिस्टामिनही असतं, ज्याने काहींचं डोकं दुखतं किंवा चेहरा लाल होतो. तक्रार नाही म्हणून बंद करवत नाही, हे खरं कारण.

१९ मे

गुरुवारी दाढेच्या कामाला जायचंय. दातांच्या भुलीच्या ज्या इंजेक्शनात ॲड्रेनलिन असतं, ते टिकवायला त्यात सल्फाइट घालतात. फाइलच्या पहिल्याच पानावर चिठ्ठी चिकटवली आहे: 'सल्फाइटचा त्रास, दम्याचा इतिहास. सल्फा औषधं चालतात.' शेवटचं वाक्य भावाने अधोरेखित करायला लावलं.